आत अजून रात्र आहे

प्रिय कुसुमआत्या,

तुझ्यामागे संस्थेचं काम पाहणाऱ्या मोघेकाकांनी तुझ्यावर लेख मागितला आहे. तुला जाऊन वर्ष झालं, संस्थेची स्मरणिका निघते आहे, आणि भाची वर्तमानपत्रातली. "गोडसं काहीतरी लिही, परवापर्यंत दे," एवढंच त्यांचं म्हणणं. मुदतीत लिहायची मला सवय आहे. गोडही लिहिता येतं. या वेळी मात्र पहिल्या ओळीलाच शिसारी आली. म्हणून तो लेख बाजूला सारला आणि तुलाच लिहायला बसले.

जबलपुरात घमापूरच्या आपल्या निवाऱ्याला तुझं नाव दिलं आहे. बरं वाटलं ना? थांब, पाटी पूर्ण वाच. 'स्वर्गीय कुसुम दीदी स्मृति रैन बसेरा.'

रैन बसेरा! आत्या, हा शब्द तुझ्यासमोर काढायची कोणाची छाती होती? शाळेतून निवृत्त होऊन तू ते जुनं गोदाम भाड्याने घेतलंस, स्टेशनाबाहेरच्या आणि बसस्टँडच्या फुटपाथवरची माणसं तिथे आणलीस, तेव्हा सगळे त्याला रैन बसेराच म्हणायचे. तू म्हणायचीस, "रैन म्हणजे रात्र. मग दिवसा माणसाने काय करावं? हवेत विरून जावं?"

तुझ्याकडे दार दिवसभर उघडं असायचं. दुपारी झोपलेल्या माणसाला कोणी उठवायचं नाही, हा तिथला पहिला नियम. पहिला कसला, मला तर वाटतं तो एकच होता.

तो कुठून आला, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. खमरियाचं फॅक्टरीचं क्वार्टर! आजोबा फॅक्टरीतून रातपाळी करून सकाळी यायचे, आणि दुपारी त्या अख्ख्या ओळीत भांड्याला भांडं लागायचं नाही. बाबा सांगायचे, अंगणात चेंडू आपटला की तू दारात उभी राहून दबक्या आवाजात ओरडायचीस, "काहून दंगा करून राहिला रे? आत रात्र आहे ना!" भर उन्हात, आत रात्र!

तेच वाक्य तू घमापुरात हिंदीत आणलंस. आठवतं, कोणी मोठे साहेब पाहणीला आले होते? डोक्यावर ऊन, मागे माणसांचा लवाजमा. तू ओठांवर बोट ठेवून दारात आडवी. "भैया, जूते उतारिए. अंदर अभी रात है." आणि साहेबांनी खरंच बूट काढले! मोजे घातलेल्या पायांनी चवड्यांवर चालत गेले बिचारे. त्यांच्या माणसाचा फोन वाजला, तू नुसतं पाहिलंस, आणि तो फोन घेऊन थेट रस्त्यावर पळाला. आम्ही तोंडात पदर कोंबून हसत होतो.

आता परवा ही पाटी लागली, तो समारंभ ऐक. तुझा फोटो इतका उजळ केला आहे की मी आधी ओळखलंच नाही. चष्मा पुसून टाकला आहे. चष्म्याशिवाय तुला कोणी पाहिलं होतं का गं?

आणि कांबळी वाटली. वैशाखात, आत्या! जबलपूरच्या वैशाखात! ज्या व्यापाऱ्याने ती दिली त्याच्या दुकानाचं नाव त्यांवर छापलेलं. सगळ्यांना ओळीने उभं केलं, पण हातातल्या घडीवर नाव दिसेना. मग हुकूम झाला, "ओढ़ लीजिए, ओढ़ लीजिए, फोटो हो जाए." घामाने निथळणारी म्हातारी माणसं लोकरी कांबळी पांघरून उभी. त्यातल्या एकाने अगदी नम्रपणे विचारलं, "अब उतार दें, साहब?" आणि खुर्च्यांवरची मंडळी हसली. समोसा हातात धरून हसली. माझ्या हातातला समोसा मी तसाच खाली ठेवला.

पाहुणे गेल्यावर मला वाटलं, आता माणसं आत जाऊन आडवी होतील. चौकीदाराने सगळ्यांना बाहेर काढलं आणि दाराला कुलूप घातलं. हा नवा नियम. सकाळी चहा झाला की बाहेर, दिवे लागले की आत. तुझा हार घातलेला फोटो तेवढा आत राहिला. दुपारी तिथे झोपायची परवानगी आता फक्त तुला आहे.

बाहेर कडुनिंबाखाली रामदुलारी बसली होती. तूच तिला बसस्टँडवरून आणलं होतंस. ती अजून त्या खासगी दवाखान्यात रात्रभर फरशा पुसते. मांडीवर कांबळ्याची घडी, डोळे लाल. मला म्हणाली, "दीदी, रात को मेरी ड्यूटी, दिन में इनका ताला. ये बसेरा किसके लिए है?" मी तशीच उठले.

मोघेकाकांकडे गेले. ते म्हणाले, "नंदा, तू काहून एवढी तापून राहिली? दिवसाढवळ्या लोकं पडून राहतात, देणगीदारांना बरं दिसत नाही. आळशांचा अड्डा वाटतो."

"ती रातपाळी करते, काका."

"अच्छा, मग दिवसाची ड्यूटी मागावी ना तिने! चलो, तू लेख दे आधी."

आत्या, हे मोघे! खमरियाला तुमच्याच ओळीत वाढलेले. त्यांचे वडील नव्हते का रातपाळीला जात? त्या वडिलांची झोप मोडू नये म्हणून तू याच माणसाचा कान पिळला होतास ना? कोणी परका असता तर मी त्याला समजावलं असतं. ज्याला सगळं ठाऊक आहे, त्याला काय समजावायचं?

आणि तुझ्यावरही थोडा राग आहे. तू कधी कोणाला काही नीट सांगितलंच नाहीस. डोळे वटारलेस की काम व्हायचं, म्हणून तुला वाटलं नियम रुजला. अगं, ते सगळे तुला घाबरत होते! तू गेलीस, आणि भीतीबरोबर नियमही गेला.

रामदुलारीच्या खोलीचंही मोघेकाकांनी झटकून टाकलं. तू गोहलपूरला रशीदभाईंकडे तिच्यासाठी शब्द टाकला होतास, आठवतं? त्यांच्या कूलरच्या कारखान्यावरची खोली. "संस्था आता असल्या भानगडीत पडत नाही," म्हणाले. "उद्या काही झालं तर जबाबदार कोण?" खोली मिळाली नाही तर ती झोपणार कुठे, हा प्रश्न त्यांना पडलाच नाही.

मग मीच तिला घेऊन गेले. तू जायचीस तशी, नारळ आणि पेढे घेऊन. कोणाची खोली ठरवायची असली की तू लग्नाची बोलणी करायला निघाल्यासारखी निघायचीस, आणि आम्ही तुला चिडवायचो.

रशीदभाईंनी तुझं नाव ऐकून हात जोडले. मग चाचरत म्हणाले, "दीदीजी की जबान थी. वो तो अब हैं नहीं. आप इनकी कौन लगती हैं?"

तू अशा वेळी काय म्हणायचीस ते मला पाठ होतं. म्हटलं, "मायके वाले हैं."

ते हसले. "फिर ठीक है. मायका है तो लड़की अकेली नहीं." पण किल्ली हातातच धरून राहिले. खाली पत्र्यावर हातोडे पडत होते, कानठळ्या बसत होत्या. "एक बात साफ बता दूँ बहनजी, ये ठोंक-पीट शाम तक चलेगी. ये दिन में सोएँगी कैसे?"

हाच तर प्रश्न होता. दुपारची झोप शोधत आलो आणि सापडली ती पत्रे ठोकायच्या कारखान्यावर!

रामदुलारी मात्र हसली. "मशीन सोने देती है, भैया. आदमी उठाते हैं. दरवाजे में अंदर से कुंडी है ना?"

होती. तिने ती लावून पाहिली, काढून पाहिली, पुन्हा लावली. आम्ही दोघं बाहेर, ती आत. बराच वेळ उघडलीच नाही. रशीदभाई दार ठोठावायला पुढे झाले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "रहने दीजिए. अंदर अभी रात है."

ते पायऱ्या उतरताना चप्पल हातात घेऊन उतरले, आत्या. खाली एवढे हातोडे चालू असताना!

एकीला कुंडी मिळाली. बाकीचे अजून त्या कडुनिंबाखाली आहेत, आणि वर पाटीवर तुझं नाव आहे. नाव आपल्या घरचं आहे, ते मागे घ्यायचा हक्कही घरचाच. तुला वचन देते, ते दार दुपारी उघडेपर्यंत मी तुझं नाव त्या पाटीवर टिकू देणार नाही. स्मरणिकेला लेख म्हणून हेच पत्र जाईल. छापतील का? न छापोत, माझ्याकडे माझं वर्तमानपत्र आहे.

आणि आणखी एक. रामदुलारीकडे मी जात राहीन. दुपारी मात्र कधी जाणार नाही.

तुझी आणि तिच्याही माहेरची,
नंदा