दोन्ही कॉप्या

६ फेब्रुवारी २०२५, गुरुवार

कासुर्डीचा विनोद आला होता स्टुडिओवर. दोन वर्षांपूर्वी त्याचं लग्न मीच शूट केलं होतं. मुलगी केंदूरची, शितल. बसला, पाणी प्यायला आन् म्हणाला, "सुभानभाई, शितल राहिली न्हाई."

कशानं, विचारलं तर मान खाली. "जास्त विचारू नका. लग्नाचा सगळा डेटा काढून टाका. डोळ्यांसमोर नको."

म्हणालो, राहू द्या, पुढं कधी वाटेल हवा होता. तर — "न्हाई. पार पुसा. परत निघता कामा नये."

पार पुसायला मला येतं. मागं एक जुनी हार्डडिस्क भंगारात दिली आन् एका मुलीचे फोटो कुणाच्या तरी मोबाईलवर निघाले. फार लाज वाटली होती तेव्हा! मग शिकलो. नुसतं डिलीट केलं तर यादीतलं नाव जातं, फोटो डिस्कवर तसाच असतो. त्यावर दुसरं काही लिहिलं तरच जातो. मी तीनदा लिहितो.

विनोद शेजारी बसून बघत होता. झाल्यावर विचारलं, "दुसरी कॉपी?" कपाटातली बॅकअपची डिस्क काढली. तीही पुसली.

बिचारा! काय वय आहे त्याचं!

७ फेब्रुवारी

इथं वरवंडातच, स्टुडिओजवळ, साखरपुडा. नवरी हसली की शितल आठवायची. दोन शॉट हलले.

१ मार्च, शनिवार

शितलचे वडील आले. तात्याबा. दोन एसट्या बदलून, केंदूरहून. टोपी काढून हातात धरलेली.

"लेक गेली माझी," म्हणाले. म्हणालो, कळलं आबा. विहिरीवर पाय घसरला, असं सासरचे म्हणतात, आबांनी सांगितलं. 'म्हणतात' वर जरा जोर दिला.

मग मुद्द्यावर आले. "शिवारात लावणी चालली की तिचं गाणं, बडबड... घरात फोटो हायती, पर आवाज न्हाई कुठं. पाठवणीला तुम्ही कॅमेरा धरून तिला इचारलं हुतं, आईला काय सांगशील? ती बोलली हुती काहीतरी. तेवढं द्या. तिच्या आईला ऐकायचंय."

सांगितलं — जावयानं पुसायला लावलं.

"मग काढा की परत."

"नाही निघत, आबा."

"कॉम्प्युटरातलं निघतं म्हणत्यात."

निघतं! नुसतं डिलीट केलं असतं तर निघालं असतं! हे त्यांना कसं समजावू?

जाताना म्हणाले, "बघा जमलं तर." माझ्यावर चिडले असते तर बरं झालं असतं.

३ मार्च

रोज्याचा दुसरा दिवस. कॅमेऱ्याची सगळी मेमरी कार्डं तपासली. शितलच्या लग्नाच्या कार्डावर तेव्हापासून किती लग्नं झाली! काहीच नाही. लग्नाची फिल्म शोधून उपयोगच नव्हता म्हणा. तिच्यात पाठवणीवर मी गाणं टाकलं होतं. बोलणं कापलं होतं. ते फक्त कच्च्या शूटमध्ये होतं, आन् ते माझ्याच डिस्कवर.

बायको, शिरीन, म्हणाली, "तुम्ही त्याच्या सांगण्यावरून केलं. तुमची काय चूक?" चूक नाही. पण हात माझाच ना?

६ मार्च, गुरुवार

दोन्ही डिस्क घेऊन पुण्याला. डेटा रिकव्हरीवाला तरुण, हुशार. मशीनला लावल्या, तासभर बसला.

"ओव्हरराइट केलंय. कुणी केलं?"

"मीच."

"एकदम व्यवस्थित केलंय, काका. काहीच शिल्लक नाही."

शाबासकी दिली मला! परतीच्या गाडीत डिस्क मांडीवर घेऊन बसलो. वाटेतलं यवत कधी गेलं कळलं नाही.

९ मार्च

केंदूरला गेलो. फोनवर सांगवेना. सिंधूबाई, शितलची आई, ओट्यावर कांद्याची पात निवडत होत्या. मी बोलायच्या आधीच त्यांना कळलं. पात खाली ठेवली.

"मी रडत हुते त्या टायमाला. काय बोलली, ऐकलंच न्हाई मी. दादा, तुम्ही तर कानाला हेडफोन लावून हुता. काय म्हणली हो?"

मी सीझनला चाळीस लग्नं करतो. मला आठवत नाही. खरंच आठवत नाही! ओठ हललेले आठवतात, नाकातली नथ आठवते. एखादं वाक्य रचून सांगावं असं वाटलं. "आई, काळजी करू नको" — असं काहीही चाललं असतं. जीभच उचलली नाही.

"आठवत न्हाई, वहिनी."

त्यांनी मान हलवली आन् पुन्हा पात हातात घेतली.

निघताना आबांनी त्यांच्या मोबाईलवरचा तिचा एक फोटो दाखवला. अंधुक आहे. मोठा करून फ्रेम करता येईल का, विचारलं. म्हणालो, करतो. खाली काय छापायचं ते लिहून पाठवा. माझ्याच्यानं एवढंच होतंय.

१३ मार्च

आबांनी फ्रेमखालचा मजकूर पाठवला. कै. सौ. शितल. निधन : ९ फेब्रुवारी २०२५.

तारीख चुकली असेल म्हणून फोन केला.

"चुकंल कशी? आठला सांजच्याला बोलली की माझ्याशी फोनवर. नऊला गेली."

विनोद माझ्याकडं आला तो सहा तारखेला.