उरली तर अधिक, कमी पडली तर उणे

५ नोव्हेंबर १९७९, संध्याकाळ

नजीरा, हे पुढं तूच मला वाचून दाखवणार, म्हणून पहिल्यांदा तुलाच सांगते. तू विसरतेस. काल डाळीत मीठ विसरलीस. परवा दळण आणायला गेलीस आणि दळण गिरणीतच ठेवून, गिरणीवालीशी गप्पा मारून परत आलीस. ही वही कशासाठी घातली तेही आठ दिवसांत विसरशील. म्हणून वर तारीख घाल. मोठी घाल.

मी, बिबीजान, बोलते. सून लिहिते. मला अक्षर येत नाही. अक्षरांचं माझ्यावाचून अडलं नाही, माझं त्यांच्यावाचून अडलं नाही. मी हाय म्हणते, ती आहे लिहिते. लिहू दे. मॅट्रिकपर्यंत गेलेल्या बाईचा तेवढा मान ठेवावा.

वहीचं कारण. नजीराचं म्हणणं, रोज रात्री बुट्टीत भाकरी उरते. अम्मांचा हात सुटला. माझा हात. ह्या घरात नवरी म्हणून आले तेव्हापासून काटवटीत पीठ मी घेते, ओंजळीनं. वाटी नाही, माप नाही. कधी उरली नाही, कधी कुणी उपाशी उठलं नाही.

आता मोजून बघावं तर आमच्यात भाकरी मोजत नाहीत. मोजली की बरकत जाते. माझी सासू थापताना तोंड मिटून बसायची, चुकून आकडा बाहेर पडायला नको म्हणून. मग नजीरानंच तोड काढली. ती गल्लीतल्या पोरांची गणिताची ट्यूशन घेते. म्हणाली, केलेल्या मोजूच नका. जेवणं झाल्यावर बुट्टीत उरली तर अधिक लिहायचं, कमी पडली तर उणे, बरोबर झाली तर शून्य. केल्या किती ते अल्लाला ठाऊक.

पैज अशी: मोहरमचे ताबूत पाण्यात थंडे होईपर्यंत रोज लिहायचं. टोटल शून्य आली तर माझा हात खरा. नाही आली तर काटवट नजीराची, आणि मी आयतं खायचं. मी हो म्हटलं. काटवट कुठं जात नाही.

आज अधिक २. कारण: गिरणीवाल्यानं पीठ फार बारीक काढलं. बारीक पीठ फुगतं.

६ नोव्हेंबर

अधिक २. कारण: ख्वाजा बाहेर भजी खाऊन आला.

नजीरा म्हणते, खाणारी माणसं पण लिहून ठेवू. लिही. हे, म्हणजे मीरासाब, गाद्यांचा कापूस पिंजतात. थोरला ख्वाजा त्यांच्याच दुकानात. नजीरा त्याची बायको. मी. आणि धाकटा मौलाली. मौलाली सध्या राजारामपुरीत आहे. तिथं खोली घेतली आहे, कारखान्यात लेथवर जायला जवळ पडतं म्हणून. बायको शमशाद बरोबर आहे. तात्पुरतं आहे. शमशादच्या माहेरी चपाती, तिला भाकरी थापता येत नाही. चपातीवर माझा पोरगा महिना काढत नाही.

नजीरा म्हणाली, दोन महिने झाले. मी म्हटलं, तू अधिक-उणे लिही.

७ नोव्हेंबर

अधिक २. कारण: वांगं कडू निघालं.

९ नोव्हेंबर, जुम्मा

अधिक १. हात ताळ्यावर येतोय. ह्यांना एक भाकरी जास्त वाढली. नको नको म्हणत होते. मी समोर बसून राहिले, मग खाल्ली.

१० नोव्हेंबर

ह्यांचं पोट बिघडलं. दिवसभर पेज. अधिक ४.

नजीरानं चार फार ठळक काढला.

१२ नोव्हेंबर, दुपार

शेजारच्या चिमणाबाई येऊन गेल्या. उरलेल्या भाकरी त्यांच्या म्हशीला जातात. म्हणाल्या, भाभी, आमची म्हस आता पेंडीला तोंड लावत न्हाय, सांजच्याला तुमच्या दाराकडं बघत उभी ऱ्हातीया. मी म्हटलं, पावणी म्हणून येते, येऊ दे.

ट्यूशन चालू होती. भिंतीला कान लावायची गरज नाही, नजीराचा आवाजच तसा आहे. विहिरीच्या पायऱ्या सांगत होती. पाण्याच्या वरच्या पायऱ्या अधिक, पाण्यातल्या उणे. एक पोरगं म्हणालं, पाण्यातल्या दिसत न्हाईत मग मोजायच्या कशा. नजीरा म्हणाली, दिसत नसल्या तरी असतात. मग म्हणाली, अधिक दोनमध्ये उणे दोन मिळवले की शून्य.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे मागचे सगळे अधिक पुसता येतात. फक्त उणे पाहिजे. उणे करायला काय लागतं? खाणारी तोंडं. ठरवलं: ह्या आठवड्यात पाहुणे बोलवायचे.

आज अधिक २. पण आता त्याची काळजी नाही.

१८ नोव्हेंबर, रविवार

चिमणाबाईंचे भाऊ गणपतराव जोतिबाहून परत येताना थांबले. कपाळापासून कोपरापर्यंत गुलाल. मीच आवाज दिला, पावणं, भाकरी खाऊन जावा. चांगला खाणारा माणूस. खर्डा आणि भाकरी, भाकरी आणि खर्डा. डोळ्यांतनं पाणी, पण हात थांबत नव्हता. जाताना म्हणाले, वैनी, पोट भरलं न्हाय, मन भरलं, पुन्यांदा येतो.

नजीराच्या वाट्याची भाकरी गेली. ती म्हणाली, मला भूक नाही, सकाळचा भात आहे तो खाते.

उणे १. पहिला उणे. नजीरा, मोठा काढ.

उणे म्हणजे लोक उगाच वाईट समजतात. मला तर फार बरं वाटलं.

१९ नोव्हेंबर, सोमवार

सोमवारी कारखान्याला सुट्टी असते. मौलाली येईल म्हणून नव्हे, पण बाजारात शेवग्याच्या शेंगा चांगल्या दिसल्या. शेंगांचं कालवण त्याला आवडतं, हा योगायोग. जेवायला थोडा उशीर केला, कारण लाकडं ओली होती. ख्वाजा म्हणाला, लाकडं ओली न्हाईत, तू दाराकडं तोंड करून बसलीयास.

अधिक २. कारण: शेंगा निबर.

२० नोव्हेंबर

अधिक २. कारण: थंडी. थंडीत माणसाला भूक कमी.

नजीरा म्हणाली, थंडीत भूक वाढते, अम्मा. मी म्हटलं, ते हिंदुस्थानात कुठं असेल. आमच्यात कमी होते.

२२ नोव्हेंबर

ह्यांच्या कानात कापूस बसला आहे, निम्मं ऐकू येत नाही. बोलतात त्याहून कमी. आज जेवून उठले, हात धुतले, आणि नजीरा लिहीत होती तिथं उभे राहिले. म्हणाले, किती? तिनं सांगितलं, अधिक दोन. मग म्हणाले, बराबर हाय की. पोरगं एक उणे, म्हणून भाकरी दोन अधिक. बिबी, तुजा हात चुकत न्हाय. ह्या घरात तेवढा एकच खरं बोलतोय.

आणि गेले पिंजायला.

कान गेले की माणूस काहीही बोलतो. त्यांचा खोकलाही वाढला आहे. नजीराला म्हटलं, हे लिहू नको. तिनं लिहिलं.

२३ नोव्हेंबर

अधिक २. कारण नाही.

२६ नोव्हेंबर, सोमवार

गल्लीत मोहरमचे पंजे बसले. ख्वाजा राजारामपुरीत गाद्या पोचवायला गेला होता, जाताना त्याला म्हटलं, वाटेत मौलालीची खोली लागली तर लागली. निरोप असा काही नाही. फक्त विचार, मोहरमचे चोंगे, गुळाच्या रोट्या, ह्या वर्षी खाणार की विसरला.

खोली वाटेत लागली. ख्वाजा म्हणतो, एकच खोली, पण नीट ठेवली आहे. शमशादनं चहा केला. मौलाली म्हणाला, शनिवारी येतो, चोंग्यांना येतोच.

मग मी हिशेब मांडला, तोंडी. शनिवारी तो आला म्हणजे दोन गेल्या. दोन दिवस राहिला तर चार. आणि घरच्या भाकरीची चव लागल्यावर तो परत चपातीकडं कशाला जातोय. खोली सोडेल. शमशादला भाकरी थापायला मी शिकवीन, पोरगी हुशार आहे, हात मऊ आहे एवढंच. मग रोजचे दोन रोज जातील आणि मागचे अधिकही हळूहळू फिटतील. नजीरा म्हणाली, अम्मा, तो आला तर रोज शून्य होईल, मागचे अधिक तसेच राहतील. मी म्हटलं, तू पोरांना शिकव.

आज अधिक २. शेवटचे.

१ डिसेंबर, शनिवार

सकाळी चोंगे केले. गूळ चांगला होता, पारगावचा. पंज्यांपुढं ठेवले, फातेहा झाला. चिमणाबाईंनी पण नारळ आणला. संध्याकाळी चोंग्यांवर कुणाचं पोट भरणार, म्हणून भाकरी पण थापल्या.

ताबूत गल्लीतनं गेले. ढोल लांब गेला. आम्ही जेवलो.

ख्वाजाला कारखान्यातला केरबा भेटला होता. मौलालीला ओव्हरटाइम लागला, सकाळीच कळलं होतं, निरोप द्यायला कुणी मिळालं नाही. कामाचं तसंच असतं. पोरगा मेहनती आहे.

नजीरानं टोटल केली. मी म्हटलं, मोठ्यानं वाचू नको. तिनं वाचली नाही, वही मिटली. मी काटवट धुतली, पुसली आणि तिच्यापुढं सरकवली. ती म्हणाली, अम्मा, ऱ्हाऊ दे, चेष्टा होती. पैज म्हणजे पैज. तसंही माझे खांदे दुखतात.

चोंगे म्हशीनं खाल्ले नाहीत. गोड तिला चालत नाही.

३ डिसेंबर

नजीरानं थापल्या. पीठ वाटीनं घेतलं. वाटीनं. काठ जरा जाड, पण भाकरी फुगते.

शून्य.

४ डिसेंबर

शून्य. शून्य दिसतं कसं म्हणून मी वहीत बघितलं. पालथ्या घातलेल्या बुट्टीसारखं.

६ डिसेंबर

शून्य. चिमणाबाई विचारत होत्या, भाभी, रागावला काय आमच्यावर? म्हस हंबरतीया. मी म्हटलं, सून शिकलेली आहे, आमच्यात आता काही उरत नाही.

मला बरं आहे. आयतं मिळतं. बसल्या बसल्या हात मांडीवर थापट्या मारतात, ती सवय आहे, जाईल.

१० डिसेंबर, सोमवार, दिवेलागणीनंतर

मौलाली आला.

आमची जेवणं झाली होती. नजीरा भांडी घासून आत येत होती. चूल विझली होती. मी दाराकडं पाठ करून बसले होते. आज पहिल्यांदाच.

अम्मा म्हणाला, पाया पडला, ह्यांच्याजवळ बसला, त्यांच्या कानात ओरडून तब्येत विचारली. मग उठून चुलीकडं गेला. लहानपणापासूनची सवय, घरात आला की न विचारता बुट्टीवरचं फडकं उचलायचं. फडकं खुंटीवर होतं. बुट्टी धुऊन पालथी घातलेली. त्यानं ती सुलटी केली, आत बघितलं आणि परत होती तशी पालथी ठेवली. नीट. आवाज न करता.

नजीरा चूल पेटवायला बसली. म्हणाला, भाभी, नको, भूक न्हाय, येताना हॉटेलात खाल्लंय. त्याच्या तोंडाला हॉटेलचा वास नव्हता. आई आहे मी. भूक नाही हे वाक्य ह्या वहीत आधी एकदा लिहिलं आहे, तेव्हा मी उणे मोठा काढायला सांगितला होता.

चहा घेतला. मग सांगितलं. कारखान्याच्या मालकानं पुण्याला नवा कारखाना घातला आहे, त्याला तिकडं पाठवतात. पगार बरा आहे. उद्या सकाळची एसटी. शमशाद सामान बांधत बसली आहे, म्हणून लगेच जायला पाहिजे. खोली पहाटेच रिकामी करायची. मी विचारलं, किती दिवस? तो म्हणाला, अम्मा, आता तिकडंच.

दारात चप्पल घालताना म्हणाला, म्हटलं जायच्या आधी तुज्या हातची खाऊन जावी. म्हणून तर जेवणाच्या टायमाला आलतो. जरा उशीर झाला.

नजीरा रडत होती. मी तिला म्हटलं, वही आण. ती म्हणाली, अम्मा, आज काय लिहायचं? मी म्हटलं, उणे २. तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, अम्मा, मागचे एवढे अधिक आहेत, त्यांत हे दोन कुठल्या कुठं जातील. टोटल अधिकच राहते.

नाही राहत. मागचे अधिक म्हशीच्या पोटात गेले. म्हशीच्या पोटातलं अधिक पोराच्या पोटातल्या उण्याला चालत नाही. हे तुझ्या ट्यूशनच्या पोरांना सांग. पुस्तकात नसेल.

आता वही ठेव आणि चूल पेटव. सकाळी ख्वाजा स्टँडवर जाईल, त्याच्या हातात द्यायचं आहे. शाळूच्या भाकरी, कडक भाजलेल्या, पुण्यापर्यंत वाकणार नाहीत अशा. खर्डा तेलात परतून, केळीच्या पानात बांधून. शेंगदाण्याची चटणी कोरडी. कांदा न चिरता दे, तो बुक्कीनं फोडून खातो. शमशादच्या वाटणीच्या पण घाल, खात नसली तरी. पीठ मी घेते. ती वाटी माझ्यासमोरनं उचल. आणि गाठोडं बांधताना आत किती आहेत ते मोजू नको.