टाकीतलं मंगळसूत्र

मंगळवार, दिवेलागण

दिसतंय. विजेरी मारली की सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीत, तळाशी, हिचं मंगळसूत्र स्पष्ट दिसतंय. पण काठीला बांधलेला आकडा तिथे नेला की काहीच लागत नाही.

दुपारी ऑपरेशनला नेताना नर्सने ते काढून माझ्या हातात दिलं. ही म्हणाली, "अहो, वरच्या खिशात नका ठेवू. वाकलात की पडेल." मी म्हणालो, "मी काय कुकुलं बाळ आहे?" आणि घरी आल्याबरोबर टाकीवर वाकलो, पाणी आलं का बघायला. रोजची खोड. आज काय अडलं होतं?

खालचे जोगळेकर गॅलरीतून म्हणाले, "काका, बघून पाणी वाढत नाही." त्यांना खरं सांगायचं धाडस झालं नाही.

दवाखान्यातून मुलीचा फोन आला, तेव्हा तिला सांगितलं. "बाबा, पाण्यातून बाहेर येताना उजेड वाकतो. वस्तू असते त्याच्या वर दिसते. नेम खाली धरा, जरा अलीकडे."

मी सातवीपर्यंत शिकलेला. समोर दिसतंय ते तिथे नाही, हे कसं मानू? हात पुन्हा दिसतं तिथेच जातो.

मग ती हळूच म्हणाली, "आई शुद्धीवर आलीय. गळा चाचपतेय."

पहाटे टँकर येणार. एवढं पाणी वरून कोसळल्यावर ते कुठे वाहून जाईल? पुन्हा जातो. या वेळी काठी अलीकडे धरली की विजेरी विझवतो, म्हणजे हात तरी डोळ्यांचं ऐकणार नाही.