चिनात्सूचा पहिला नंबर

प्रिय फुकिए,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू आधी गॅस बंद करशील आणि मग हे उभ्यानेच फोडशील, हे मला माहीत आहे. जरा बस. माझी तब्येत ठणठणीत आहे, नोकरीही आज तरी शाबूत आहे. मग फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. कंपनीच्या वसतिगृहातला फोन जिन्याखाली आहे आणि पाठीमागे कायम कोणीतरी सुट्टी नाणी खुळखुळवत उभं असतं. आणि आपल्या घरी फोन वाजला की चिनात्सू आधी धावते. आज मला जे बोलायचं आहे ते तिच्याबद्दलच आहे, आणि ते तिच्या कानावर इतक्यात पडायला नको.

परवा तुम्ही आलात तेव्हा घाईत विचारायचं राहिलं, तिकडे हिमीला थंडी पडली का? बुरी माशांना जागं करणारा गडगडाट झाला का यंदा? इथे ओसाकात मासळीवाला सांगतो की बुरी हिमीचीच आहे, आणि मी पैसे देऊन दुसरंच काहीतरी खातो. आईंना सांग, त्यांनी पाठवलेली खारवलेल्या उमेबोशीची बरणी संपत आली. पोटात मात्र त्यातली फार थोडी गेली. ऐक ती गंमत.

आमच्या यंत्राला आम्ही 'तोंबो' म्हणतो. चतुर नावाच्या किड्यासारखे मोठे डोळे आहेत म्हणून. घरच्या व्हिडिओ गेमच्या खोक्याला ते जोडायचं, डोक्यावर चढवायचं, आणि दोन डोळ्यांपुढे दोन छोटे पडदे येतात. दोन्हींवर चित्र किंचित वेगळं, त्यामुळे खेळातला चेंडू पडद्यावर न दिसता थेट नाकावर येतो. कल्पना झकास आहे. फक्त ते घातलं की माणसाचं डोकं दुखतं आणि पोट ढवळून निघतं. वसंतात आमची अर्धी तुकडी बादली जवळ घेऊन काम करत होती. तेव्हा आमचे कुरुमादासाहेब म्हणाले, "अरे, माझी आजी बोट लागू नये म्हणून बेंबीवर उमेबोशी बांधायची. तोगावा, तुझ्या सासूबाईंची बरणी आण बघू!" मग काय, आम्ही सगळे शिकलेसवरलेले इंजिनियर शर्टाखाली बेंबीवर आंबट फळ चिकटवून भविष्यकाळ घडवत बसलो. धाकट्या इसोबेच्या पांढऱ्या शर्टावर लाल डाग पडला तेव्हा सगळ्यांना वाटलं, याला गोळी लागली.

उन्हाळा संपेपर्यंत कोणालाच मळमळेनासं झालं. साहेबांनी बिअर पाजली, म्हणाले, "जिंकलो!" पण आम्ही यंत्रात फारसं काही बदललंच नव्हतं, फुकिए. मासळीबाजारात राहणाऱ्याला वास येत नाही, तसं आमचं झालं होतं. रोज तासन्‌तास डोक्यावर चढवून आम्हीच सरावलो, आणि आम्हीच आमच्या अंगावरून ठरवत होतो की यंत्र सुधारलं. मग हिशेब विभागातल्या हिरोसेबाईंनी हौसेने घालून पाहिलं आणि तोंडावर रुमाल धरून त्या पळाल्या. वरून निरोप आला की मोठ्यांच्या नसा निबर असतात, मुलांवर पाहा, गिऱ्हाईक शेवटी तीच आहेत. म्हणून परवाचा तो रविवार ठरला, कर्मचाऱ्यांच्या मुलांचा.

तू त्या दिवशी खाली कँटीनमध्ये बाकीच्या बायकांबरोबर होतीस, म्हणून वरचं तुला दिसलं नाही. चिनात्सूने तुला सांगितलं ते सगळं खरं आहे. मुलं एकेक करून आत बसत होती. चेंडू आला की "आई गं! अंगावर आला!" म्हणून मान मागे टाकत होती, काही जण खुर्चीसकट कलंडली. बऱ्याच जणांनी मध्येच ते काढून फेकलं. एक बिचारा रडला. आणि आपली पोरगी? ढिम्म! पापणी लवली नाही. येईल तो चेंडू तिने टोलवला, सगळ्यांत जास्त गुण तिचे, आणि उतरल्यावर विचारते काय, "अजून एकदा खेळू?" साहेबांनी तिला खांद्यावर घेतलं. "तोगावाची लेक आहे ही! सांग बाळ, तुला भीती कशी नाही वाटली?" ती म्हणाली, "त्यात काय आहे? चेंडू फुगत जातो. खूप फुगला की मारायचा." सगळे हसले. साहेबांनी सोनेरी कागदाची घडी घालून पदक केलं आणि तिच्या गळ्यात घातलं. मी पण हसलो, पण 'फुगत जातो' हे शब्द काही माझ्या कानातून जाईनात. बाकी एकाही मुलाने असं म्हटलं नव्हतं. त्यांच्या अंगावर चेंडू आला होता. हिच्यापुढे तो नुसता कागदावरच्या चित्रासारखा मोठा झाला होता.

मग जिना उतरताना तिची पायरी चुकली. तू तिचा हात धरून म्हणालीस, "वेंधळी! अगदी बापावर गेलीय." फोटोत ती नेहमी मान तिरकी करते आणि आई म्हणतात, केवढी लाडिक पोर. चहा ओतते तो कपाबाहेर. हे सगळं आपण कितीदा हसत हसत एकमेकांना सांगितलं आहे.

संध्याकाळी स्टेशनवर तू शेजाऱ्यांसाठी मिठाईचे डबे घ्यायला गेलीस, आणि आम्ही बापलेक उदोनच्या शेवया खात उभे होतो. मी खेळ म्हणून तळहाताने तिचा डावा डोळा झाकला. तिच्या चॉपस्टिक्स जिथल्या तिथे थांबल्या. म्हणाली, "बाबा, तू धुरात का गेलास?" मी उजवा झाकला तर ती आरामात शेवया ओढायला लागली. मी पुन्हा डावा झाकला. तिने माझा हात झटकला आणि रागावून म्हणाली, "नको ना! सगळं पुसलं जातं." तेवढ्यात तू डबे घेऊन आलीस, गाडी लागली, आणि तिच्यासमोर मी काय बोलणार होतो? तुम्ही गेलात तरी मी फलाटावर कितीतरी वेळ उभा होतो.

सोमवारी मी रजा टाकून इथल्या एका डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंना भेटलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, एक डोळा लहानपणापासून आळशी राहिला की मेंदू त्याचं ऐकणंच सोडून देतो. मुलाला कळत नाही, कारण दुसऱ्या डोळ्याने त्याचं सगळं भागतं, दुखत-खुपत काहीच नाही. आणि मग मला एकदम लख्ख कळलं. आमच्या यंत्राने डोकं दुखतं ते दोन डोळ्यांच्या ओढाताणीने. जिथे दुसरा डोळा कामच करत नाही, तिथे ओढाताण कुठली? आमची सगळ्यांत गुणी परीक्षक पहिली आली, कारण ते यंत्र तिला दिसलंच नव्हतं.

इकडे कागद तयार झालाच होता. 'सहा वर्षांच्या मुलीने कसलाही त्रास न होता खेळून दाखवलं, सबब यंत्र मुलांसाठी योग्य.' पहिला शिक्का माझ्या नावाचा हवा, त्याच्या डावीकडे साहेबांचा, मग वरच्यांचे. तुला ठाऊक आहे, आमच्याकडे धाकट्याने आपला शिक्का किंचित डावीकडे कलता मारायचा, म्हणजे तो वरिष्ठांच्या शिक्क्यापुढे वाकून नमस्कार केल्यासारखा दिसतो. इतकी वर्षं मी सवयीने तसाच मारत आलो आहे. आज कागद माझ्या टेबलावर आला. चिनात्सूचं नाव त्यात नव्हतं, पण 'सहा वर्षांची मुलगी' म्हणजे तीच. ती चौकट मी कोरी ठेवली आणि कागद घेऊन साहेबांकडे गेलो.

सगळं सांगितलं. त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला. मग म्हणाले, "तोगावा, तुझी पोर हीच आपली सगळ्यात मोठी साक्ष होती रे." मी म्हटलं, "साहेब, साक्षीदाराला दिसतच नव्हतं." त्यांना हसू आलं नाही. "येत्या वसंतातल्या प्रदर्शनाची जागा घेऊन झालीय. तू शिक्का मारला नाहीस तर उद्या इसोबे मारेल. आणि तू जाशील गोदामात, खोकी मोजायला." हे धमकी म्हणून नव्हतं, त्यांचा चेहराच उतरला होता. मी उठलो तेव्हा म्हणाले, "आधी बायकोला कळव. हा कागद मी जमेल तितका दाबून ठेवतो." ते किती दाबतील कोण जाणे. दुसऱ्यांच्या पोरांचं काय, हा विचार मला छळतो. खेळत खेळत एखाद्याचा डोळा बिघडला तर? मला उत्तर माहीत नाही, आणि ते कोणालाच माहीत नसताना आम्ही ते डोक्यावर चढवायला निघालो आहोत. उद्या मी हे सगळं माझ्या सहीने वर लिहून देणार आहे. पुढे गोदाम तर गोदाम.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ते सांगतो. तिला ताबडतोब तोयामाच्या मोठ्या इस्पितळात ने. नवीन वर्षाची वाट बघू नकोस. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सहाव्या वर्षी अजून वेळ आहे, आठ-नऊनंतर दार बंद होत जातं. चांगला डोळा पट्टीने झाकायचा, म्हणजे आळशाला कामाला लागावं लागतं. फुकिए, ती खूप रडेल. तिचं सगळं जग आपण धुरात ढकलणार आहोत, आणि ते का, हे तिला कळणार नाही. म्हणून पहिली पट्टी तू लावू नकोस. डॉक्टरांकडून ती आणून ठेव, मी शनिवारी येतोय. पट्टी मी माझ्या हाताने लावीन. तिला मारावंसं वाटलं तर मला मारू दे, बोलायचं नाही तर माझ्याशी बोलू नये. तुझा हात मात्र तिला दिवसभर धरायला लागणार आहे, तो तिला आवडता राहू दे. आणि एक कर. ते सोनेरी पदक तिने भिंतीवर लावलं असेल, वर्गातही मिरवून झालं असेल. ते काढू नकोस. ती पहिली कशी आली, हे तिला दोन्ही डोळ्यांनी दिसायला लागल्यावर मीच सांगेन. तोवर तिचा पहिला नंबर तिच्याकडेच राहू दे.

तुझाच,
शुहेई