यांच्या जागी दोन शब्द

मंगळवार, संध्याकाळ

यांच्या अंतराळावरच्या कादंबरीचं इंग्रजी भाषांतर परदेशातल्या पुरस्काराच्या शेवटच्या यादीत आहे. उद्या निकाल. मिळाला तर यांच्या जागी कॉम्प्युटरवरून मलाच दोन शब्द बोलायचे आहेत. भीतीच वाटतेय.

मोठ्या नणंदेचा फोन आला. "काहून घाबरून राहिली वं? मिळालं त मिळालं! पेढे मात्र वाटू नको, त्याले जाऊन अजून वर्ष नाही झालं."

पेढ्यांचं कुठे एवढं? मी कादंबरी वाचलीच नव्हती. आज वाचली. यानात एकटा उरलेला नवरा गेलेल्या बायकोशी रोज बोलतो. ती माझ्यासारखाच बशीत चहा ओतते. बशीसुद्धा लिहिली यांनी!

दोन शब्द कोणते? लिहिताना यांनी मागे स्वतःला ठेवलं होतं; उरले मात्र मी. उद्या हे सांगताना रडू आलं तर?