उघडी ठेवलेली कडी

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आई माझ्याकडे सुखरूप पोचली. वाटेत शेजारच्या बाईचा स्वेटर उसवलेला दिसला, तर तो तिच्या अंगावरच शिवून दिला! मुद्दाम पत्र लिहितेय. फोन वाजला की आई धावत येते आणि दादाला दे म्हणून हट्ट धरते. तिच्यासमोर काय बोलणार, कपाळ?

तिच्या विसरण्यावरचे उपचार सुरू झाले. चिरफाड नाही, सुया नाहीत. टोपीखाली कपाळाला दोन ओले स्पंज लावतात आणि त्यांतून अगदी मंद वीज सोडतात. जरा मुंग्या येतात, बस. ओलं फडकं लावून मला इस्त्री करताय की काय, असं आईनं विचारलं. डॉक्टरीणबाई हसून बेजार. वीज चालू असताना मशीनवरची मुलगी घरच्यांचे फोटो दाखवते, कोण, कुठे असतो ते विचारते, चुकलं की बरोबर सांगते. रोज तेच. मला बाहेर बसवतात. फरक पडेलच असं नाही, पडला तरी टिकेल असंही नाही, हे बाईंनी आधीच बजावलंय. पण काल आईनं माझ्या लेकीला नावानं हाक मारली गं. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

दाराची कडी मात्र आई इथंही लावू देत नाही. दादा ट्रक घेऊन येईल, ताटकळत उभा राहील, म्हणते.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
तुझी छोटी

८ मार्च

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी जीव भांड्यात पडला, पण फोटोंचं वाचलं आणि तशीच लिहायला बसले. दादाचा फोटो दिला नाहीस ना?

तू लांब असतेस, म्हणून कधी सांगितलं नाही. दादा अपघातात गेल्यावर आई रोज तो कुठे आहे म्हणून विचारायची, मी रोज खरं सांगायचे, आणि ती रोज पहिल्यांदाच ऐकल्यासारखी ऊर बडवून घ्यायची. शेवटी मी हात टेकले. लांबच्या फेरीवर गेलाय, असं सांगायला लागले. तेव्हापासून ती दोन घास नीट जेवते, त्याचे शर्ट शिवते. कडी उघडी राहते म्हणून मी दाराशी अंथरूण टाकते, ती तिकडे असली तरी सवयीनं तसंच चाललंय.

आठवण नाही सुधारली तरी चालेल. पत्र मिळताच तो फोटो काढून घे.

मायेनं,
ताई

१३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आज मिळालं. फोटो पहिल्या दिवसापासून गठ्ठ्यात आहे, आणि माहिती मी खरीच दिली होती. आई रोज लाल डोळ्यांनी बाहेर यायची. मला वाटायचं, वीज झोंबत असेल. काय झालं विचारलं, तर तोवर तिला काही आठवत नसे.

काल मात्र त्या मुलीनं काही विचारायच्या आतच आई म्हणाली, "हा माझा मुलगा. हा आता नाही." घरी येईपर्यंत माझा हात घट्ट धरून होती. आज सकाळीही तिला आठवत होतं. सारखी विचारते, शेवटचं त्याला कोणी पाहिलं.

उपचार थांबवले तर बहुधा विसरेल, असं बाई म्हणतात. थांबवू का? तू सांगशील तसं करते. माझं डोकंच चालत नाहीये.

तुझीच,
छोटी

१७ मार्च

चि. थोरलीस,
अनेक आशीर्वाद.

छोटी शेजारी बसून अडलेले शब्द सांगतेय, पण पत्र माझं आहे. तुझं पत्र मी वाचलं; तुम्ही दोघी माझ्यावरून खलबतं करताय, ते मला कळलं.

उपचार थांबवायचे नाहीत. बरं वाटतं म्हणून नव्हे. पण माझं लेकरू गेलं आणि मी त्याच्या शर्टाला काज करत बसले होते. तू एकटीच रडलीस का गं? तुझ्यावर राग नाही. लहानपणी टोचत नाही असं खोटं सांगून मीच तुला इंजेक्शनला नेत असे.

हे टिकणार नाही म्हणतात. मी पुन्हा विचारीन, दादा कुठे आहे म्हणून. तेव्हा मला खरं सांग आणि जवळ बस. दमलीस तर छोटीला बोलाव. पण त्याला पुन्हा फेरीवर पाठवू नकोस.

दाराशी झोपू नकोस, गार लागतं. आजपासून कडी लावून घे.

तुझी,
आई