बाबांच्या खोलीचा चौथा कोपरा

दि. ४ जानेवारी

ती. ताईस,
खारूचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. आपण फोन बंद केला ते बरंच झालं. माझा आवाज ऐकला की मी आले असं समजून बाबा दार उघडायला जातात आणि अर्धा अर्धा तास उंबऱ्यात उभे राहतात, हे वाचलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. पत्रंच बरी. त्यांना आवाज नसतो.

आता कामाचं. एकतीस मार्चला तुमची घरांची रांग पाडणार, तेव्हा बाबा माझ्याकडे येणार हे ठरलंच आहे. शिवणवर्गाच्या वरची जी खोली तुला मिळते आहे तिचा जिना त्यांना चढवणार नाही. डॉक्टर म्हणाले की असा विसर पडलेल्या माणसाला नवी जागा फार जड जाते. म्हणून मी ठरवलंय, आमचा मागचा व्हरांडा बंद करून तिथे बाबांची खोली जशीच्या तशी बांधायची. तीच लांबी, तीच रुंदी, त्याच जागी दार. पलंगावरून उठून भिंतीला हात लावत ते न्हाणीच्या दारापर्यंत जातात, ती वाट आता त्यांच्या डोक्यात राहिलेली नाही, पण हातापायांत आहे.

आधी ती खोली मी ऑफिसात संगणकावर उभी करणार. मी दिवसभर काय करते असं तू नेहमी विचारतेस ना? इतरांनी संगणकावर रचलेल्या इमारतींचे सांधे जुळवते. तिथे भिंत म्हणजे नुसती रेघ नसते. तिला जाडी असते, आत वीट, वरून गिलावा. दोन भिंती कोपऱ्यात नीट भेटल्या की मधली रेघ आपोआप पुसली जाते आणि त्या एकजीव होतात. एखादी केसभर कमी पडली तर लांबून कळत नाही, पण इमारत आडवी कापून पाहिली की फट दिसते. जास्त झाली तर दोघी एकाच जागेवर हक्क सांगतात. मग कोणी कोणापुढे थांबायचं ते ठरवून द्यावं लागतं. काँक्रीटपुढे वीट थांबते, विटेपुढे गिलावा. ऑफिसातली पोरं मला सांधेदुखीच्या डॉक्टरीणबाई म्हणतात. म्हणोत बापडी.

तर खोलीच्या चारी भिंतींची मापं आतून घेऊन पाठव. हे तुला नमस्कार सांगतात. माझ्या वतीने बाबांच्या पाया पड.

तुझ्या लोभावरच मोठी झालेली,
खारू


दि. १३ जानेवारी

चि. सौ. खारू हिस,
अ. उ. आ.

डॉक्टरीणबाई, घ्या मापं. पूर्वेची भिंत बारा फूट, पश्चिमेची बारा फूट, उत्तरेची नऊ फूट. दक्षिणेची, म्हणजे दाराची, आठ फूट तीन इंच.

माझ्या शिवणाच्या टेपनेच घेतली. बाबा मागे मागे फिरत होते. त्यांना वाटलं मी भिंतीला झंपर शिवते आहे. कापड किती लागेल म्हणून विचारलं. मी म्हटलं, चार ताग्यांत भागेल. तर म्हणाले की बाह्या आखूड ठेव, मग तीन पुरतील.

तब्येत बरी आहे. काल स्वतः दाढी केली, अर्ध्या गालाची. उरलेली मी उरकली. गवंडीकाम सुटलं तरी ओळंबा उशाशी घेऊन झोपतात. थापी मी लपवून ठेवली आहे, परवा तिने भात वाढून घेत होते.

शेजारीण येऊन गेली. तीही म्हणाली की सगळं ठरलं, आता तू सुटलीस. ठरलं असेल.

मेहुण्यांना आशीर्वाद. माया आहेच, ती इथून मोजून पाठवता येत नाही.

तुझी,
ताई


दि. २१ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तीन कोपरे असे मिटले की विचारू नकोस. चौथा मिटत नाही. दाराची भिंत पश्चिमेच्या भिंतीपर्यंत पोचतच नाही. मध्ये नऊ इंचांची वाट उघडी राहते. नऊ इंच म्हणजे एक वीट, म्हणजे भिंतीची जाडी. कुठेतरी ती जाडी धरायची राहिली असेल. नवी पोरंसुद्धा हीच चूक करतात.

तीच पोरं अशी फट एक पातळ पट्टी चिकटवून झाकतात. चित्रात छान दिसतं. पण मिस्त्री चित्र बघून वीट लावतो, त्याने काय बांधायचं? भिंत तिरकी करून कोपरा गाठून पाहिला. तो मिटला, पण दार सरकलं. बाबांचा हात दारासाठी जाईल आणि भिंतीवर आपटेल. म्हणून पुन्हा एकदा मोज. शिवाय बाबा करायचे तसं कर, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात दोरी ताणून दोन्ही कर्ण घे. म्हणजे खोली तिरकी आहे की सरळ, ते मला कळेल.

जरा लवकर कळव. मिस्त्रीने दहा फेब्रुवारीची तारीख दिली आहे, नंतर तो दुसऱ्या कामावर जाईल.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस,
खारू


दि. ३ फेब्रुवारी

चि. सौ. खारू हिस,
अ. उ. आ.

उत्तराला उशीर झाला. शिवणवर्गाच्या मुलींची परीक्षा होती, एकीने बटणांची काजं पाठीवरच केली.

दाराची भिंत पुन्हा मोजली. आठ फूट तीन इंच.

पण खारू, कर्णांचं ऐक. मी दोरीचं एक टोक कोपऱ्यात खिळ्याला बांधलं. बाबा पलंगावर बसून बघत होते. एकदम उठले, दुसरं टोक माझ्या हातातून घेतलं, समोरच्या कोपऱ्यात नेऊन ताणलं, बोटाने दोरी छेडून पाहिली आणि म्हणाले की पंधरा फूट. मी टेप लावलीसुद्धा नव्हती. लावली. पंधरा. दुसऱ्या बाजूने ताणली, तीही पंधरा. मग मलाच रागे भरले की गवंड्याची पोर ना तू, तीन-चार-पाच विसरलीस कशी? या खोलीचा एक कोपरा जरी काटकोनात बसला नाही तर कामावर येणं सोडीन, म्हणाले. सहा महिन्यांत एवढं सलग बोलले नव्हते.

मग पलंगावर बसले आणि हातातल्या दोरीकडे बघून विचारलं की ही कोणाची.

लिहिण्यासारखं एवढंच. आठवण असू दे.

तुझी,
ताई


दि. १० फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तीन-चार-पाचची तिप्पट केली की नऊ, बारा, पंधरा. दोन्ही कर्ण पंधरा, लांबी बारा. म्हणजे खोली अगदी सरळ आहे आणि दाराची भिंत समोरच्या भिंतीइतकीच, नऊ फूट. मी नऊ टाकले. कोपरा मिटला. आवाजसुद्धा झाला नाही.

ताई, तीस वर्षं तू बायकांची मापं घेते आहेस. तुझ्या हातचा कपडा कुणाला घट्ट झाल्याचं मी ऐकलं नाही. बाकीच्या तीन भिंती तू दोऱ्याइतक्याही चुकली नाहीस, आणि ही एक दोनदा चुकलीस, दोन्ही वेळा सारखीच.

मी चिडले होते. तुला पत्रात खूप काही ऐकवायचं ठरवून ऑफिसातून निघाले आणि घरापर्यंत चालत आले. चालता चालता लक्षात आलं की जानेवारीपासून मी तुला भिंती विचारते आहे, दार विचारते आहे. तुला काय हवंय ते एकदाही विचारलेलं नाही. ठरलंच आहे, असं मीच लिहिलं होतं. कोणी ठरवलं?

मिस्त्री आज आला होता. त्याला आठवडाभर थांबायला सांगितलं. कुरकुरला, पण थांबला. तू लिही.

लोभ मागायला आज तोंड नाही,
खारू


दि. १७ फेब्रुवारी

चि. खारू,
अ. उ. आ.

लबाडी केली. नऊ इंच मुद्दाम चोरले. फूटभर चोरले असते तर तू लगेच ओळखलं असतंस. विटेएवढे चोरले की तुला जाडीची चूक वाटेल, एवढं गवंड्याच्या पोरीला कळतं. कोपरा जुळणार नाही, म्हणजे खोली बांधली जाणार नाही, म्हणजे बाबा जाणार नाहीत. घर पडायचंच आहे, मग त्यांना घेऊन कुठे बसणार होते, एवढा पुढचा विचार केला नाही. वय बासष्ट आणि अक्कल सहा वर्षांची.

आई गेली त्याला एकोणीस वर्षं झाली. तेव्हापासून सकाळी उठून आधी काय करायचं ते मला कधी ठरवावं लागलं नाही. बाबांचं पाणी तापवायचं. मग बाकीचा दिवस आपोआप मागून यायचा. ते गेल्यावर मी उठून काय करू, खारू? सगळ्यांना वाटतं मी सुटणार. शाळेतल्या आपल्या म्हाताऱ्या सिस्टर परवा भेटल्या, त्यांनीही माझा हात दाबला आणि म्हणाल्या की आता तुला विसावा. मला विसाव्याची भीती वाटते हे मी त्यांना कसं सांगू?

कर्ण लिहिताना हात थांबला होता. तेही चोरता आले असते. पण ते माप बाबांनी स्वतः सांगितलं होतं, ते मला खोडवेना. आणि दोरी ताणताना त्यांचे हात पाहिले. तेच हात तुझ्या घरात दार शोधताहेत आणि दार नऊ इंच पलीकडे आहे, असं डोळ्यांपुढे आलं.

खोली बांध. दक्षिणेची भिंत नऊ फूट. दार पश्चिमेच्या कोपऱ्यापासून दोन फूट एक इंचावर. कडी डाव्या हाताला, त्यांच्या छातीइतक्या उंचीवर. हे सगळं खरं आहे.

थोडा लोभ शिल्लक असेल तर राहू दे,
ताई


दि. २५ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं त्या दिवसापासून मी संगणकावरच्या त्या खोलीत तुझा पलंग मांडून बघते आहे. चार तऱ्हांनी मांडला. दाराजवळ ठेवला तर दार उघडत नाही. पूर्वेला ठेवला तर बाबा ज्या भिंतीला धरून चालतात ती झाकली जाते. पलंगच अरुंद केला, तर त्यावर तू कूस बदलू शकणार नाहीस. बाहेरच्या खोलीत सासूबाई आणि आमचा चिरंजीव, ते तुला ठाऊकच आहे. संगणक दोन वस्तू एकाच जागी ठेवू देतो, अडवत नाही. फक्त त्या लाल दाखवतो.

ताई, बसत नाही. तुला खोटं कसं लिहू?

काल मिस्त्रीने पाया आखला. चारी कोपरे मी काटकोनाचा गुण्या लावून तपासले. तू दर पंधरवड्याला यायचंस. मी स्टेशनवर घ्यायला येईन. हे काही उत्तर झालं नाही, मला कळतं.

माझ्यावर लोभ ठेवण्यासारखं मी काही केलेलं नाही, तरी ठेव,
खारू


दि. १२ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

बाबांना तू आणून सोडलंस त्याला आज दोन आठवडे झाले. तू चहासुद्धा न घेता परत निघालीस, तेव्हा ते झोपलेले होते. उठले. मी दाराआडून बघत उभी. भिंतीला हात लावला, पावलं टाकत गेले, कडी उघडली आणि न्हाणीत गेले. कुठे अडखळले नाहीत, इकडेतिकडे पाहिलंसुद्धा नाही. ताई, आपण केलं ते बरोबर केलं. भिंतीवरून हात फिरवून फक्त एवढंच म्हणाले की गिलावा कुणीतरी नवा केलेला दिसतो, आणि बरा केलाय.

आता जे लिहायचं ते चार दिवस टाळलं. ते मला ताई म्हणतात. पहिल्या दिवशी मी सांगितलं की बाबा, मी खारू. तर हसून म्हणाले की खारू परगावी असते, तिला फार दिवसांत पत्र टाकलं नाही. दिवसभर ताई, ताई. काम काही नसतं. मी समोर गेले की गप्प होतात, निवांत होतात. तू कुठे आहेस असं त्यांनी एकदाही विचारलं नाही, कारण त्यांच्या लेखी तू इथेच आहेस.

मी ओ देते. प्रत्येक वेळी तुझं काहीतरी चोरल्यासारखं वाटतं. त्यांना खरं सांगत राहू? तू सांगशील तसं करीन.

तुझ्या वाटचा लोभ खाणारी,
खारू


दि. २१ एप्रिल

चि. सौ. खारू हिस,
अ. उ. आ.

पत्र वाचून घडी घातली आणि मशीनच्या खणात ठेवून दिलं. दोन दिवसांनी पुन्हा काढलं. वाईट वाटलं. यापुढे तुला मापं खरीच द्यायची असं ठरवलंय म्हणून लिहिते, फार वाईट वाटलं. मग त्यांना शोधाशोध करावी लागत नाही या विचाराने बरंही वाटलं.

माझी खोली ठीक आहे. खिडकी पूर्वेला आहे, ऊन लवकर येतं. उठते आणि थोडा वेळ बसून राहते. नऊला खाली मुली येतात. एक डावखुरी आहे, तिला कात्री धरायला शिकवते आहे. तिच्यासाठी मला सगळं उलटं शिकावं लागतं, त्यात वेळ जातो.

त्यांना खरं सांगत बसू नकोस. म्हाताऱ्या माणसाला दिवसातून शंभर वेळा चूक ठरवण्यात काय अर्थ आहे? ओ देत जा. पुढल्या महिन्यात मी येईन. त्यांनी मला ओळखलं नाही तर मी शिवणवाली म्हणून बसेन, त्यांच्या सदऱ्याचं माप घेईन.

मेहुण्यांना, चिरंजीवांना आशीर्वाद, सासूबाईंना नमस्कार. आणि चोरी वगैरे पुन्हा लिहू नकोस, दोन बहिणींच्या लोभाच्या वाटण्या होत नाहीत.

तुझी,
ताई

ता. क. एक लिहायचं राहिलं. तू गोड आवाजात ओ देत असशील, तुझा स्वभावच तसा. मी तशी देत नव्हते. मशीनवरून मान वर न करता, जरा वैतागूनच विचारायची की आता काय झालं बाबा. एकोणीस वर्षं तशीच. तूही तशीच देत जा. फार मायेने बोललीस, तर ताई गेली हे त्यांना कळेल.